इंग्लंडमधील आद्य स्वतंत्र लघु-ब्रुअऱ्या

इंग्लंडमधील आद्य स्वतंत्र लघु-ब्रुअऱ्या म्हणजे इ.स. १९७२ पासून साधारणपणे १९९० पर्यंतच्या काळात, मोठ्या बीअर कंपन्यांच्या वर्तुळाबाहेर, अल्प भांडवलावर आणि मोजक्या माणसांच्या बळावर सुरू झालेले बीअरनिर्मितीचे छोटे कारखाने होत. विसाव्या शतकात इंग्लंडमधील ब्रुअऱ्यांची संख्या सातत्याने घटत गेली होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी नवी ब्रुअरी काढणे ही जवळजवळ विसरली गेलेली गोष्ट होती. या पार्श्वभूमीवर सेल्बी, प्रिडी, लिचबरो, रिंगवुड अशा लहान गावांतून नव्या ब्रुअऱ्या उभ्या राहिल्या. पुढील दहा वर्षांत त्यांचे लोण देशभर पसरले.

त्यांपैकी बहुतेक ब्रुअऱ्या फार काळ टिकल्या नाहीत. त्यांच्या ऱ्हासाची कारणे बीअरच्या गुणवत्तेत अंशतःच सापडतात. बीअर जिथे विकली जाते त्या पबची मालकी कोणाकडे आहे, या प्रश्नाशी त्यांचे भवितव्य अधिक निगडित होते. तथापि या पिढीने प्रशिक्षित केलेली माणसे, तिने रूढ केलेली छोटी यंत्रसामग्री आणि तिने चालवलेला करसवलतीचा लढा यांमुळे एकविसाव्या शतकातील लघु-ब्रुअऱ्यांच्या दुसऱ्या लाटेचा पाया घातला गेला.

## संज्ञा आणि व्याप्ती

बीअर बनवणाऱ्या कारखान्यास ब्रुअरी आणि बनवणाऱ्यास ब्रुअर म्हणतात. आज रूढ असलेली 'मायक्रोब्रुअरी' ही संज्ञा १९८० च्या दशकात प्रचारात आली. तत्पूर्वी अशा कारखान्यांना 'नवे छोटे ब्रुअर' किंवा 'स्वतंत्र ब्रुअर' असेच म्हटले जाई. येथे 'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थ 'कोणत्याही मोठ्या बीअर कंपनीच्या मालकीची नसलेली' असा आहे.

इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या, कुटुंबांच्या मालकीच्या प्रादेशिक ब्रुअऱ्याही स्वतंत्रच होत्या. परंतु त्यांच्याकडे स्वतःचे पब होते. प्रस्तुत लेखातील ब्रुअऱ्या नव्याने, आणि बहुधा एकही पब हाती नसताना, सुरू झालेल्या आहेत. हा फरक त्यांचा पुढील इतिहास समजून घेण्यासाठी महत्त्वाचा आहे.

## पार्श्वभूमी

### घरगुती बीअरपासून कारखान्यापर्यंत

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एल हे जवापासूनचे पेय घरोघरी तयार होई. ते बनवून विकणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. पंधराव्या शतकात युरोप खंडातून हॉप या वेलीच्या फुलांचा वापर इंग्लंडमध्ये रुजला. हॉपमुळे पेयाला कडवटपणा येतो व ते अधिक काळ टिकते. टिकाऊ बीअर दूरवर पाठवता येऊ लागल्याने मोठ्या प्रमाणावरील निर्मितीला वाव मिळाला. अठराव्या शतकात लंडनमध्ये पोर्टर या गडद बीअरच्या मागणीवर प्रचंड ब्रुअऱ्या उभ्या राहिल्या. व्हिटब्रेड ही ब्रुअरी १७४२ मध्ये स्थापन झाली होती.

१८३० च्या कायद्याने कोणत्याही करदात्या गृहस्थास दोन गिनी शुल्क भरून बीअर बनवण्याचा व विकण्याचा परवाना घेता येऊ लागला. परिणामी हजारो नवी बीअरगृहे उघडली. १८६९ च्या कायद्याने हे परवाने पुन्हा दंडाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली आणले. १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील जुना कर रद्द करून तो बीअरवर बसवला.

### बांधील पब

परवाने मिळणे कठीण झाले, तसे आधीच परवाना असलेल्या पबचे मोल वाढले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या ब्रुअऱ्यांनी भांडवल बाजारातून पैसा उभा केला आणि पब विकत घेण्याचा सपाटा लावला. ब्रुअरीच्या मालकीच्या पबमध्ये त्याच ब्रुअरीची बीअर विकण्याचे बंधन असे. अशा पबला 'टाइड हाउस' म्हणजे बांधील पब म्हणतात. ज्या पबमालकावर असे बंधन नाही, त्याच्या पबला 'फ्री हाउस' म्हणजे मुक्त पब म्हणतात.

मुक्त पबही अनेकदा नावापुरतेच मुक्त असत. दुरुस्तीसाठी किंवा सजावटीसाठी मोठी ब्रुअरी मालकाला स्वस्त व्याजाने कर्ज देई आणि त्या बदल्यात तिचीच बीअर घेण्याची अट घाली. अशा रीतीने विक्रीची जागा आणि निर्मितीचा कारखाना एकाच हातात आले.

### सहा मोठ्या कंपन्या

१९०० च्या सुमारास युनायटेड किंग्डममध्ये सहा हजारांहून अधिक परवानाधारक ब्रुअर होते. १९७० च्या सुमारास ही संख्या दोनशेच्या आसपास आली. पहिल्या महायुद्धाच्या काळातील निर्बंध व करवाढ, खप कमी होणे आणि लहान ब्रुअऱ्या विकत घेऊन बंद करण्याची प्रथा ही या घटीची प्रमुख कारणे होती. ब्रुअरी विकत घेतली जाई ती बहुधा तिच्या पबसाठी. पब हाती आले की जुना कारखाना बंद होई.

१९६० च्या दशकातील विलीनीकरणांतून अलाइड ब्रुअरीज, बास चॅरिंग्टन, करेज, स्कॉटिश अँड न्यूकॅसल, वॉटनी मॅन आणि व्हिटब्रेड या सहा कंपन्या उरल्या. १९७२ मध्ये वॉटनी मॅन ही हॉटेल व्यवसायातील ग्रँड मेट्रोपॉलिटनच्या आणि करेज ही इंपीरियल टोबॅकोच्या ताब्यात गेली. घरचे पेय गाळून विकण्याची परंपरा सांभाळणारे पब १९७० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये केवळ चार उरले होते : श्रॉपशायरमधील मेडली येथील ऑल नेशन्स व बिशप्स कॅसल येथील थ्री टन्स, वेस्ट मिडलंड्समधील नेदरटन येथील ओल्ड स्वान आणि कॉर्नवॉलमधील हेल्स्टन येथील ब्लू अँकर.

### केग बीअर

पारंपरिक पद्धतीत बीअर पिंपात भरल्यावरही तिच्यातील यीस्ट जिवंत असते आणि पबच्या तळघरात तिचे दुसरे किण्वन होते. अशी बीअर ११ ते १३ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागते आणि पिंप उघडल्यावर सुमारे तीन दिवसांत संपवावी लागते. तिच्यासाठी तळघर सांभाळणारा जाणकार माणूस लागतो.

याउलट केग बीअर गाळलेली व पाश्चरीकरण केलेली असते, आणि कार्बन डायऑक्साइड वायूच्या दाबाने ती ग्लासात येते. ती दीर्घकाळ टिकते, देशभर एकाच चवीची मिळते व तिची जाहिरात करणे सोपे जाते. त्यामुळे मोठ्या कंपन्यांनी केग बीअरचाच पुरस्कार केला. वॉटनीची 'रेड बॅरल' ही बीअर या बदलाचे प्रतीक मानली जाते. पिणाऱ्याच्या बाजूने मात्र याचा अर्थ असा होता, की गावातले सर्व पब एकाच कंपनीचे असले तर निवडीला जागाच उरत नव्हती.

## ग्राहकांची चळवळ

१९७१ मध्ये मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीझ, बिल मेलर आणि जिम मेकिन या चौघांनी आयर्लंडमधील डन्क्विन येथे सुटीवर असताना पारंपरिक एलच्या रक्षणासाठी संघटना काढली. तिचे नाव पुढे 'कॅम्पेन फॉर रिअल एल' असे झाले. 'कॅम्रा' या लघुरूपाने ती ओळखली जाते. थोड्याच वर्षांत तिची सभासदसंख्या हजारोंच्या घरात गेली.

१९७३ मध्ये रिचर्ड बॉस्टन यांनी 'द गार्डियन' या वृत्तपत्रात बीअरविषयी साप्ताहिक सदर सुरू केले. त्याच वर्षी ख्रिस्टोफर हट यांचे 'द डेथ ऑफ द इंग्लिश पब' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. अर्थतज्ज्ञ ई. एफ. शूमाकर यांचे 'स्मॉल इज ब्यूटिफुल' हे पुस्तकही १९७३ चेच. मोठेपणाविषयीची साशंकता त्या काळच्या वातावरणातच होती. १९७५ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये कॅम्राने भरवलेल्या बीअर प्रदर्शनास मोठी गर्दी झाली. पारंपरिक बीअरला गिऱ्हाईक आहे, हे त्यातून दिसून आले.

याच सुमारास घरगुती बीअरनिर्मितीचा छंदही वाढला होता. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरच्या वापरासाठी बीअर बनवण्यावरील परवान्याची अट काढून टाकली होती. नव्या ब्रुअरांपैकी काही जण या छंदातूनच व्यवसायात आले.

## उदय

### आरंभीचे प्रयत्न

स्कॉटलंडमधील ट्रॅक्वेअर हाउस या ऐतिहासिक वाड्यातील अठराव्या शतकातील ब्रुअरी १९६५ मध्ये पीटर मॅक्सवेल स्टुअर्ट यांनी पुन्हा सुरू केली. हा प्रयत्न इंग्लंडबाहेरचा असला, तरी जुनी भांडी अद्याप वापरता येतात हे त्यातून दिसले.

इंग्लंडमध्ये पहिला मान कोणाचा, याविषयी तीन नावे घेतली जातात आणि तिन्ही आपापल्या अर्थाने योग्य आहेत. यॉर्कशायरमधील सेल्बी येथे १९५४ मध्ये बंद पडलेली कौटुंबिक ब्रुअरी मार्टिन साइक्स यांनी १९७२ मध्ये पुन्हा सुरू केली. सॉमरसेटमधील प्रिडी येथील माइनर्स आर्म्स या ठिकाणी पॉल लेटन यांनी १९७३ मध्ये स्वतःच्या गिऱ्हाइकांपुरती बीअर बनवण्यास आरंभ केला. परंतु पूर्णतः नवी आणि इतरांच्या पबना बीअर पुरवण्याच्या उद्देशाने काढलेली ब्रुअरी म्हणून १९७४ च्या लिचबरो ब्रुअरीचे नाव घेतले जाते.

### लिचबरो

बिल अर्कहार्ट हे नॉर्दॅम्प्टन येथील फिप्स ब्रुअरीचे प्रमुख ब्रुअर होते. ही ब्रुअरी १९६० मध्ये वॉटनी मॅनने विकत घेतली होती. १९७४ मध्ये ती बंद झाली आणि तिच्या जागेवर कार्ल्सबर्ग या डॅनिश कंपनीचा लागर बीअरचा आधुनिक कारखाना उभा राहिला. आयुष्यभराचा अनुभव गाठीशी असलेल्या अर्कहार्ट यांनी त्यानंतर जवळच्या लिचबरो या खेड्यात स्वतःची ब्रुअरी सुरू केली.

लिचबरोचे उत्पादन मोठ्या कंपनीच्या तुलनेत नगण्य होते. परंतु एक प्रशिक्षित ब्रुअर थोड्या जागेत व थोड्या पैशांत विक्रीयोग्य बीअर बनवू शकतो, हे तिने दाखवून दिले. नवे लोक पाहण्यासाठी व शिकण्यासाठी लिचबरोला येऊ लागले. अर्कहार्ट यांनी त्यांना प्रशिक्षण व सल्ला दिला. विलीनीकरणाने ज्यांना कामावरून दूर केले, त्याच माणसांच्या ज्ञानावर नवी चळवळ उभी राहिली, याचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

### पेन्रोस आणि रिंगवुड

दुसरे उदाहरण पीटर ऑस्टिन (१९२१–२०१४) यांचे आहे. हल ब्रुअरीच्या प्रमुख ब्रुअरपदावरून निवृत्त झाल्यावर ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडे राहण्यास आले. १९७७ मध्ये हेरफर्डशायरमधील पेन्रोस कोर्ट या जुन्या वास्तूत मार्टिन ग्रिफिथ्स यांनी ब्रुअरी काढली, तेव्हा तिची उभारणी ऑस्टिन यांनी केली. या ब्रुअरीत 'मॉन्टी पायथन' या विनोदी नटसमूहातील टेरी जोन्स आणि पत्रकार रिचर्ड बॉस्टन यांचा आर्थिक सहभाग होता. त्यामुळे वृत्तपत्रांनी तिची विशेष दखल घेतली.

१९७८ मध्ये ऑस्टिन यांनी हॅम्पशायरमधील रिंगवुड या गावात स्वतःची ब्रुअरी सुरू केली. तिच्या 'ओल्ड थंपर' या बीअरला १९८८ मध्ये कॅम्राचा ब्रिटनमधील सर्वोत्तम बीअरचा किताब मिळाला. रिंगवुड सांभाळत असतानाच ऑस्टिन यांनी ब्रिटनमध्ये व परदेशांत अनेक छोट्या ब्रुअऱ्या उभारून दिल्या. त्यांच्याकडे शिकलेले अ‍ॅलन पग्सली १९८० च्या दशकात अमेरिकेतील मेन राज्यात गेले आणि तेथील नव्या ब्रुअऱ्यांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा राहिला. ऑस्टिन यांना लघु-ब्रुअरी चळवळीचे जनक म्हटले जाते.

### डेव्हिड ब्रूस आणि फर्किन पब

डेव्हिड ब्रूस यांनी वेगळा मार्ग पत्करला. मोठ्या कंपनीत ब्रूइंगचा अनुभव घेतलेल्या ब्रूस यांनी १९७९ मध्ये लंडनच्या सदर्क भागात 'गूज अँड फर्किन' हा पब उघडला आणि तेथेच बीअर बनवण्यास सुरुवात केली. फर्किन म्हणजे नऊ गॅलनचे, सुमारे ४१ लिटरचे पिंप. पुढे 'फर्किन' हा शब्द नावात असलेल्या पबची मालिकाच निघाली. शाब्दिक कोट्या, लाकडी बाके आणि 'डॉगबोल्टर' नावाची कडक बीअर ही तिची ओळख होती.

निर्मिती आणि विक्रीची जागा एकत्र असल्यामुळे ब्रूस यांना दुसऱ्या कोणाच्या दारी बीअर घेऊन जावे लागले नाही. वाहतुकीचा खर्च वाचला आणि पबचा नफाही हाती राहिला. १९८८ मध्ये त्यांनी ही मालिका ६६ लाख पौंडांना विकली.

## कामाची पद्धत

छोट्या ब्रुअरीतील प्रक्रिया तत्त्वतः मोठ्या ब्रुअरीसारखीच असते. मोड आणून भाजलेले जव म्हणजे माल्ट. ते भरडून सुमारे ६५ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात भिजवले जाते. त्यातून मिळणाऱ्या गोड द्रवाला वर्ट म्हणतात. वर्ट हॉपसह तासभर किंवा थोडे अधिक उकळून थंड केले जाते आणि मग त्यात यीस्ट घातले जाते. काही दिवसांत किण्वन होऊन साखरेचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते. त्यानंतर बीअर पिंपांत भरली जाते.

उत्पादन बॅरलमध्ये मोजले जाते. एक ब्रिटिश बॅरल म्हणजे ३६ गॅलन, सुमारे १६४ लिटर. अनेक नव्या ब्रुअऱ्या एका वेळी पाच ते दहा बॅरलच बीअर काढत. बंद पडलेल्या दुग्धशाळांतील जुन्या टाक्या, मोडीत निघालेल्या ब्रुअऱ्यांची भांडी आणि स्थानिक कारागिरांकडून जोडून घेतलेल्या नळ्या यांवर त्या चालत. गोठे, कोठारे, बेकरी, रेल्वेच्या जुन्या इमारती अशा जागा त्यांनी वापरल्या. एक-दोन माणसे बीअर बनवत, पिंपे धूत, गाडी चालवत, मालाची पोहोच करत आणि हिशेबही लिहीत.

## ऱ्हासाची कारणे

१९७० च्या दशकाच्या अखेरीस व १९८० च्या दशकाच्या आरंभी नव्या ब्रुअऱ्या वेगाने निघाल्या. परंतु थोड्याच काळात बंद पडणाऱ्यांची संख्याही वाढू लागली.

### विक्रीच्या जागांचा अभाव

बहुसंख्य पब बांधील असल्याने नव्या ब्रुअरीच्या वाट्याला थोडे मुक्त पबच येत. त्यांतील अनेक कर्जाच्या अटींनी बांधलेले असत. १९६९ मध्ये मक्तेदारी आयोगाने आपल्या अहवालात बांधील पबच्या पद्धतीवर टीका केली होती, परंतु प्रत्यक्षात ती पद्धत तशीच राहिली. एकाच जिल्ह्यात तीन-चार नव्या ब्रुअऱ्या झाल्या, की त्या त्याच मूठभर पबसाठी एकमेकींशी स्पर्धा करत आणि किमती उतरवत. नवे म्हणून कुतूहलाने एकदा पिंप घेणारा पबमालक पुढच्या आठवड्यात दुसऱ्या ब्रुअरीचे पिंप घेई.

### कराचा बोजा

बीअरवरील कराचा दर सर्वांना सारखा होता. वर्षाला काही शे बॅरल काढणाऱ्या ब्रुअरीला आणि लक्षावधी बॅरल काढणाऱ्या कंपनीला प्रतिबॅरल एकाच दराने कर भरावा लागे. शिवाय १९९३ पर्यंत कर तयार बीअरवर नव्हे, तर किण्वनापूर्वीच्या वर्टवर आकारला जाई. वाया जाणाऱ्या भागासाठी ठरावीक सूट मिळे, परंतु छोट्या भांड्यांत व जुन्या नळ्यांत नासाडी अधिक होई. म्हणजे जी बीअर कधी विकलीच गेली नाही, तिच्यावरही कर पडे.

### भांडवल व व्यवस्थापन

अनेकांनी बचत, निवृत्तीचे किंवा नोकरी गेल्यावर मिळालेले पैसे या व्यवसायात घातले होते. १९८० च्या दशकाच्या आरंभीची मंदी व चढे व्याजदर यांचा त्यांना फटका बसला. पबकडून उधारी वसूल होण्यास विलंब लागे, पिंपे परत येत नसत आणि कर मात्र वेळेवर भरावा लागे. बीअर उत्तम बनवता येणे आणि धंदा चालवता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, याचा प्रत्यय अनेकांना आला.

### गुणवत्तेतील चढउतार

सर्वच नव्या ब्रुअऱ्यांची बीअर चांगली होती असे नाही. अपुरे प्रशिक्षण, स्वच्छतेतील त्रुटी आणि प्रयोगशाळेचा अभाव यांमुळे एका आठवड्याची बीअर दुसऱ्या आठवड्यासारखी नसे. जिवंत बीअर तळघरात नीट सांभाळली गेली नाही, तर ती आंबे. चूक पबची असली तरी नाव ब्रुअरीचे खराब होई.

### मोठ्या कंपन्यांचा प्रतिसाद आणि लागरची लाट

पारंपरिक बीअरला मागणी आहे हे दिसताच मोठ्या कंपन्यांनीही आपापल्या पिंपातील बीअर पुन्हा बाजारात आणल्या. काहींनी पबमध्येच छोट्या ब्रुअऱ्या बसवल्या. पारंपरिक बीअर कोणत्याही पबमध्ये मिळू लागल्यावर छोट्या ब्रुअरीचे वेगळेपण कमी झाले. दुसरीकडे लागर या फिक्या, थंड बीअरचा खप वाढत होता. १९७० च्या सुमारास ब्रिटनमधील बीअरच्या खपात लागरचा वाटा एक-दशांशाहून कमी होता. १९९० च्या सुमारास तो निम्म्याच्या आसपास पोहोचला. लागरला थंड तापमानात दीर्घकाळ मुरवावे लागते व त्यासाठी महागडी यंत्रे लागतात. छोट्या ब्रुअऱ्यांना ते परवडणारे नव्हते.

## संघटना आणि १९८९ चे आदेश

१९८० मध्ये छोट्या ब्रुअरांनी 'सिबा' या लघुरूपाने ओळखली जाणारी आपली संघटना स्थापन केली. पीटर ऑस्टिन हे तिचे पहिले अध्यक्ष होते. लहान उत्पादकांना कमी दराने कर लावावा, ही तिची आरंभापासूनची प्रमुख मागणी होती.

मार्च १९८९ मध्ये मक्तेदारी व विलीनीकरण आयोगाने बीअरच्या पुरवठ्यासंबंधी अहवाल सादर केला. सहा राष्ट्रीय कंपन्यांकडे देशातील सुमारे तीन-चतुर्थांश बीअर उत्पादन असून पुरवठ्यात गुंतागुंतीची मक्तेदारी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. कोणत्याही ब्रुअरने २,००० हून अधिक पब बाळगू नयेत, अशी शिफारस आयोगाने केली. मोठ्या कंपन्यांनी तीव्र विरोध केल्यावर सरकारने ती सौम्य केली. अंतिम आदेशांनुसार २,००० च्या वर असलेल्या पबपैकी निम्मे बंधनमुक्त करायचे होते. त्यासाठी १ नोव्हेंबर १९९२ ही मुदत होती. तसेच मोठ्या कंपन्यांच्या बांधील पबचालकांना बाहेरची एक पिंपातील बीअर 'पाहुणी बीअर' म्हणून घेण्याचा अधिकार मिळाला.

पाहुण्या बीअरच्या तरतुदीमुळे काही छोट्या ब्रुअऱ्यांना प्रथमच मोठ्या बाजारात प्रवेश मिळाला. परंतु बंधनमुक्त झालेले हजारो पब व्यक्तींच्या हाती न जाता मुख्यतः नव्या पब-कंपन्यांनी विकत घेतले. या कंपन्या स्वतः बीअर बनवत नसल्याने त्यांना हे आदेश लागू होत नव्हते. त्या मोठ्या उत्पादकांकडून घाऊक सवलतीने बीअर घेत आणि आपल्या पबचालकांवर तीच घेण्याचे बंधन घालत. अशा रीतीने बंधनाचा धनी बदलला, बंधन मात्र राहिले. हे आदेश २००३ मध्ये रद्द करण्यात आले.

## काही प्रमुख ब्रुअऱ्या

| ब्रुअरी | ठिकाण | आरंभ | पुढील स्थिती |
|---|---|---|---|
| सेल्बी | सेल्बी, यॉर्कशायर | १९७२ | नंतर बंद |
| माइनर्स आर्म्स | प्रिडी, सॉमरसेट | १९७३ | नंतर बंद |
| लिचबरो | लिचबरो, नॉर्दॅम्प्टनशायर | १९७४ | हस्तांतरानंतर बंद |
| पेन्रोस | हेरफर्डशायर | १९७७ | १९८० च्या दशकात बंद |
| गॉडसन्स | पूर्व लंडन | १९७७ | १९८० च्या दशकात बंद |
| रिंगवुड | रिंगवुड, हॅम्पशायर | १९७८ | २००७ मध्ये विक्री, २०२४ मध्ये बंद |
| बटकम | सॉमरसेट | १९७८ | मालकी बदलली, उत्पादन चालू |
| आर्चर्स | स्विंडन, विल्टशायर | १९७९ | २००० च्या दशकाच्या अखेरीस बंद |
| गूज अँड फर्किन | सदर्क, लंडन | १९७९ | १९८८ मध्ये विक्री, पुढे ब्रूइंग बंद |

फर्किन मालिका विक्रीनंतर अनेक हातांतून जात अलाइड कंपनीकडे आली आणि तिचा विस्तार शंभराहून अधिक पबपर्यंत झाला. १९९९ मध्ये अलाइडचे पब विकले गेल्यावर त्यांतील बीअरनिर्मिती थांबवण्यात आली. रिंगवुड ब्रुअरी २००७ मध्ये मार्स्टन्स या कंपनीने १ कोटी ९२ लाख पौंडांना घेतली. २०२० मध्ये मार्स्टन्सचा बीअर व्यवसाय कार्ल्सबर्गच्या ब्रिटिश शाखेशी जोडला गेला आणि २०२४ च्या आरंभी रिंगवुड येथील उत्पादन बंद झाले. अर्कहार्ट यांची जुनी ब्रुअरी ज्या कंपनीच्या कारखान्यासाठी पाडली गेली होती, तिच्याच छत्राखाली ऑस्टिन यांच्या ब्रुअरीचा शेवट झाला.

## परिणाम आणि वारसा

सिबाच्या दोन दशकांच्या पाठपुराव्यानंतर अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी २००२ मध्ये लघु उत्पादकांसाठी श्रेणीबद्ध करपद्धती लागू केली. वर्षाला ५,००० हेक्टोलिटरपर्यंत उत्पादन असणाऱ्या ब्रुअरीस करात निम्मी सवलत मिळू लागली. एक हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर. त्यानंतर नव्या ब्रुअऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि २०१० च्या दशकाच्या अखेरीस युनायटेड किंग्डममध्ये सुमारे दोन हजार ब्रुअऱ्या कार्यरत होत्या. ऑगस्ट २०२३ पासून या सवलतीची जागा मद्यार्काच्या प्रमाणावर आधारित नव्या पद्धतीने घेतली आहे.

या वाढीचा लाभ आद्य पिढीतील बहुतेक ब्रुअऱ्यांना मिळाला नाही, कारण तोवर त्या बंद पडल्या किंवा विकल्या गेल्या होत्या. मात्र त्यांनी घडवलेले ब्रुअर, त्यांच्या आकारमानास साजेशी यंत्रे बनवणारे कारागीर आणि स्थानिक बीअर मागणारे ग्राहक कायम राहिले. अमेरिकेतील काही आरंभीच्या लघु-ब्रुअऱ्यांची यंत्ररचना व यीस्टही रिंगवुडमधून गेले होते.

## मूल्यमापन

या चळवळीच्या यशापयशाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार, कमी भांडवल, कच्चे प्रशिक्षण व छंदिष्ट वृत्ती यांमुळे अनेक ब्रुअऱ्यांचे अपयश अटळ होते. दुसऱ्या मतानुसार, विक्रीच्या जागा प्रतिस्पर्ध्याच्या मालकीच्या असताना कोणताही नवा उत्पादक टिकणे कठीणच होते. फर्किन मालिकेचे यश आणि २००२ नंतरची वाढ या दोन गोष्टी दुसऱ्या मताला पुष्टी देतात : पहिल्या उदाहरणात विक्रीची जागा हाती होती, तर दुसऱ्यात कराचा बोजा हलका झाला होता. तथापि बटकमसारख्या काही ब्रुअऱ्या त्याच परिस्थितीत तगल्या, हेही लक्षात घ्यावे लागते. तिचे संस्थापक सायमन व्हिटमोर हे करेज कंपनीतील माजी व्यवस्थापक होते. त्यामुळे पब व्यवसायाच्या व्यवहाराची त्यांना आधीपासून जाण होती.

जेसिका बोक व रे बेली यांच्या 'ब्रू ब्रिटानिया' (२०१४) या ग्रंथात या काळाचा विस्तृत इतिहास आला आहे. पबवरील बंधनाचा प्रश्न इंग्लंडमध्ये अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही. २०१६ मध्ये इंग्लंड व वेल्ससाठी नियुक्त झालेल्या पब संहिता निर्णायकाकडे मोठ्या पब-कंपन्यांच्या बांधील पबचालकांना दाद मागता येते.